छापचित्रकाराने बाहुलीवाल्यांबरोबर काम करताना काय सोडायचं, काय धरून ठेवायचं?

शाईचे हात

नमस्कार मंडळी. मी छापचित्रं करते. बहुतेक लिनोकट, म्हणजे लिनोलियमचा ब्लॉक कोरून काढलेले छाप; अधूनमधून एचिंग, म्हणजे धातूच्या प्लेटवर आम्लाने रेषा खोदून काढलेले. घराच्या तळमजल्यावर एक जुना प्रेस आहे, त्यावर बारा वर्षं काम चालू आहे. दोन महिन्यांपूर्वी इथल्याच एका बाहुलीनाट्याच्या गटातली दोघं घरी आली. ऊसतोडीला जाणाऱ्या एका कुटुंबावर त्यांना पाऊण तासाचं नाटक करायचंय, मोठ्या माणसांसाठी. माझे ऊसतोडीवरचे लिनोकट त्यांनी एका प्रदर्शनात पाहिले होते.

मला वाटलं, मागच्या पडद्यासाठी चित्रं मागतील. चहा झाल्यावर त्यातल्या मुलीने कोयता घेतलेल्या बाईचा छाप उचलला, खांद्यापाशी बोट ठेवलं आणि विचारलं, "ताई, हिचा हात इथून कापला तर चालेल? मग तो वर उचलता येईल." मला पटकन हो म्हणता येईना आणि नाहीही म्हणवेना. त्या रात्री झोप लागली नाही.

मी एका ब्लॉकचे 25 छाप काढते. प्रत्येकावर क्रमांक आणि सही. शेवटचा छाप निघाला की ब्लॉकवर आडवी रेघ कोरून तो बाद करते. चित्र घेणाऱ्याला दिलेला तो शब्द असतो. मग बाहुलीला चिकटवलेला छाप या 25 मध्ये धरायचा का? कापलेल्या छापावर सही करायची का? आणि याहून मोठी धास्ती वेगळीच आहे. माझी बाई हलायला लागली की ती माझी राहील का?

असा विषय निघाला की सगळे दक्षिण आफ्रिकेतल्या चित्रकार विल्यम केंट्रिजचं आणि हँडस्प्रिंग पपेट कंपनीचं नाव घेतात. तिथे नेमकं कोणी काय केलं, हे कोणी नीट सांगेल का? ज्यांनी स्वतः असं काम केलंय त्यांचे अनुभवही हवे आहेत.

पडद्यामागचा

ताई, कापण्याआधी विचारलं हेच चांगलं लक्षण आहे. मी वीस वर्षं बाहुल्या चालवतोय. न विचारता कापणारेही पाहिलेत.

आधी कामाच्या चार गोष्टी सांगतो. लिनोची शाई तेलाची असेल तर ती चमकते, आणि आमच्याकडे प्रकाश बाजूने येतो. तीन मीटरवरचा दिवा चेहऱ्यावर पडला की काळ्या भागावर पांढरा चट्टा दिसतो आणि डोळे गायब होतात. दुसरं म्हणजे वजन. जाड कागद, त्याखाली पुठ्ठा, त्यावर वार्निश असं करत गेलात तर पाऊण तासात मनगट उतरतं. तिसरं, सांधा. कागद सांध्यापाशीच फाटतो. तिथे मागून मांजरपाटाची पट्टी लावा, किंवा सरळ मांजरपाटावरच छापा.

आणि एचिंग विसरा. पाचव्या रांगेतून तुमच्या त्या केसाएवढ्या रेषा करड्या धुरासारख्या दिसतील. लिनोची जाड रेघ आमच्या कामाची.

अबोली

मला हे सगळंच पटत नाहीये. छापचित्र ही जवळून, शांतपणे पाहायची गोष्ट आहे. शाई कागदात किती बुडालीय, कागदाला कडेला दाब कुठे पडलाय, हे हातभर अंतरावरून दिसतं. ते रंगमंचावर नेलं की उरतं फक्त चित्र. मग छापायचं तरी कशाला? रंगवून द्या की. ताईंनी इतक्या वर्षांत कमावलेली जी सूक्ष्मता आहे ती नाटकाला नकोच असेल, तर त्यांना नेमकं काय हवंय?

रेवाकाठ

बडोद्यात ग्राफिक्स शिकलो, अजून इथेच आहे. केंट्रिजचं जरा सविस्तर लिहितो, कारण त्यातच अबोलींच्या प्रश्नाचं उत्तर आहे असं मला वाटतं.

केंट्रिज जोहान्सबर्गचा, जन्म 1955. जोहान्सबर्ग आर्ट फाउंडेशनमध्ये एचिंग शिकला आणि पुढे तिथेच शिकवलंही. नाटकाची ओढ तेव्हापासून होती. तो नाटकमंडळीत काम करायचा, पोस्टर छापायचा, आणि 1981-82 मध्ये पॅरिसला जाक लकोकच्या शाळेत मूकाभिनय शिकायला गेला. म्हणजे छापखान्यातून रंगमंचावर तो पाहुणा म्हणून आला नव्हता. हँडस्प्रिंग 1981 मध्ये केपटाउनला सुरू झाली. एड्रियन कोहलर आणि बेसिल जोन्स हे तिचे मुख्य शिलेदार, दोघंही मुळात चित्र-शिल्प शिकलेले. सुरुवातीला त्यांनी मुलांसाठी नाटकं केली.

1992 मध्ये केंट्रिज आणि हँडस्प्रिंगने मिळून पहिलं मोठं काम केलं, 'वॉयझेक ऑन द हायवेल्ड'. ब्यूखनरच्या जर्मन नाटकातला गरीब शिपाई इथे जोहान्सबर्गला पोटासाठी आलेला स्थलांतरित मजूर झाला. (ऊसतोडीचं नाटक करताय म्हणून हे मुद्दाम सांगतो.) आता कोणी काय केलं ते पाहा. बाहुल्या कोहलरने लाकडात कोरल्या. केंट्रिजने दिग्दर्शन केलं आणि मागच्या पडद्यासाठी कोळशाने काढलेली चलतचित्रं केली. एकाच कागदावर काढायचं, फोटो घ्यायचा, पुसायचं, पुन्हा काढायचं. पुसलेल्याचे ठसे तसेच राहतात. तांब्याच्या प्लेटवरची रेघ घासून काढली तरी तिची सावली छापात येते ना, अगदी तसं. बाहुलीचा चेहरा लाकडाचा, तो बदलत नाही. तिच्या मनात काय चाललंय ते मागे पडद्यावर दिसतं.

म्हणजे केंट्रिजने बाहुलीला हात लावला नाही आणि कोहलरने कोळशाला. तरीही दोन्ही एकमेकांशिवाय अपुरं.

गुळाचा खडा

वा! रेवाकाठ, हे शाळेत कोणी असं शिकवलं असतं तर मी वाणिज्य शाखेला गेले नसते.

पडद्यामागचा

रेवाकाठ, सगळं मान्य, पण एक भर घालतो. कोहलरच्या बाहुल्यांचे चेहरे गुळगुळीत घासलेले नसतात. पटाशीचे घाव तसेच ठेवलेले असतात. डोकं जरा वळलं की त्या घावांवरचा प्रकाश बदलतो आणि प्रेक्षकाला वाटतं चेहऱ्यावरचा भाव बदलला. हे काष्ठछाप कोरणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

अबोली, तुम्ही म्हणता ती सूक्ष्मता आम्हाला हवीच असते. फक्त ती आमच्याकडे श्वासात असते. हँडस्प्रिंगवाले नेहमी सांगतात की बाहुली आधी श्वास घेते, मग चालते. बाहुली स्थिर बसलेली असताना छाती तांदळाएवढी वरखाली झाली तरी शेवटच्या रांगेला कळतं.

अबोली

श्वासाचं पटलं. छापाचं अजून नाही. विचार करतेय.

वाकडी वाट

ऊब्यू राहिला! केंट्रिज-हँडस्प्रिंगचं छापचित्रांशी थेट नातं असलेलं नाटक तेच.

पण मुळापासून सांगते, कारण ही गोष्ट फार सुंदर आहे. फ्रान्समधल्या रेन शहरातल्या शाळकरी मुलांनी आपल्या भौतिकशास्त्राच्या मास्तरांवर एक प्रहसन रचलं. आल्फ्रेड जारी त्या शाळेत आला, त्यात रमला, आणि 1888 मध्ये घरी बाहुल्यांनी त्याचा खेळ केला. पुढे त्याचंच 'ऊब्यू र्‍वा' झालं आणि डिसेंबर 1896 मध्ये पॅरिसला माणसांनी ते रंगमंचावर आणलं, प्रेक्षकांत गोंधळ झाला. हा जारी छापचित्रांचा वेडा होता. रेमी द गूरमाँबरोबर त्याने जुन्या-नव्या छापचित्रांचं एक नियतकालिक चालवलं होतं. आणि ऊब्यूचं जे रूप आज सगळ्यांना माहीत आहे, टोकदार डोकं आणि पोटावर गुंडाळी, ते जारीने स्वतः केलेल्या काष्ठछापातून आलंय.

पुढे 1898 मध्ये पॅरिसच्या तेआत्र दे पाँतँ या छोट्या बाहुलीगृहात ऊब्यू परत बाहुल्यांकडे गेला. त्या बाहुल्या कोणी केल्या? मुख्यतः पिएर बोनारने! तो तेव्हा शिळाछापातला फार मोठा माणूस. संगीत त्याच्या मेव्हण्याचं, क्लोद तेरासचं. त्याच्या गाण्यांच्या छापील प्रतींवर बोनारने चित्रंही केली. म्हणजे शाईचे हात, तुम्ही ज्या वाटेवर उभ्या आहात तिथून सव्वाशे वर्षांपूर्वी लोक गेलेत.

आता केंट्रिज. जारीच्या पहिल्या प्रयोगाला शंभर वर्षं होत असताना त्याने, डेबोरा बेलने आणि रॉबर्ट हॉजिन्सने ऊब्यूवर छापचित्रं केली. केंट्रिजच्या संचात आठ एचिंग आहेत. प्रत्येकात दोन थर: जारीच्या ऊब्यूची पांढऱ्या खडूसारखी बाह्यरेषा, आणि तिच्या आत खरा, उघडा, साधा माणूस. हा माणूस आंघोळ करतो, झोपतो, सायकल चालवतो, आणि ती भयंकर आकृती त्याला चिकटलेलीच असते. त्याच काळात, 1996 मध्ये, दक्षिण आफ्रिकेत सत्य आणि सलोखा आयोगाच्या, म्हणजे वर्णभेदाच्या काळातल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या आयोगाच्या, सुनावण्या सुरू झाल्या. 1997 मध्ये या दोन्हींचं मिळून 'ऊब्यू अँड द ट्रूथ कमिशन' झालं. संहिता जेन टेलरची.

शाईचे हात

वाकडी वाट, अंगावर काटा आला. जारीचा काष्ठछाप मी कितीतरी वेळा पाहिलाय, पण ऊब्यू मुळात बाहुल्यांच्या खेळातून आलाय हे माहीत नव्हतं.

मग त्या नाटकात एचिंगमधल्या ऊब्यूची बाहुली केली होती का?

थेम्सकाठी

नाही, आणि तेच मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. 2014 मध्ये एडिनबरा महोत्सवात हे नाटक पुन्हा झालं तेव्हा मी पाहिलंय.

ऊब्यू आणि त्याची बायको हे जिवंत नट. एचिंगमधली पांढरी रेषा मागच्या पडद्यावर जाऊन चालायला लागते. बाहुल्या आहेत त्या दोन प्रकारच्या. एक, ऊब्यूची जनावरं: तीन डोक्यांचा कुत्रा, ज्याचं धड म्हणजे एक जुनी बॅग. आणि एक मगर, तीही पिशवीचीच. सरकारी कागद नष्ट करणारं यंत्र रंगमंचावर आणण्याऐवजी कागद मगरीच्या तोंडात जातात. दुसरे म्हणजे साक्षीदार. मुलाला मारलं, जाळलं हे सांगायला आयोगापुढे आलेले आईबाप. त्यांचे शब्द खऱ्या सुनावणीतले आहेत आणि ते बोलणारे चेहरे लाकडी.

एका साक्षीदाराला दोघं चालवतात, उघडपणे, शेजारी बसून. शेजारी काचेच्या खोलीत दुभाषा उभा राहून भाषांतर करतो, कारण आयोगात तसंच व्हायचं. तीच काचेची खोली आधीच्या प्रवेशात ऊब्यूची न्हाणी असते. मी रडले, पण रडण्यापेक्षा जास्त काळ माझ्याबरोबर राहिली ती चालवणाऱ्यांची नजर. ती दोघं बाहुलीच्या चेहऱ्याकडे इतक्या आदराने पाहत होती की तिचं म्हणणं ऐकायचं कसं, हे मी त्यांच्याकडूनच शिकले. तिथे खरी आई नटीने केली असती तर मी अभिनय पाहिला असता.

तेव्हा ताई, तुमची ऊसतोड करणारी बाई खऱ्या कोणावरून आलीय का? असेल तर बाहुलीचा हा गुण लक्षात ठेवा. बाहुली कधीच म्हणत नाही की मी ती आहे. ती म्हणते, मी तिचं सांगणं घेऊन आलेय.

शाईचे हात

थेम्सकाठी, हो. खरी आहे. दोन हंगाम तिच्या तळावर जाऊन रेखाटनं केली होती. तुमचं शेवटचं वाक्य मी प्रेसच्या वरच्या भिंतीवर लिहून लावलंय.

व्यवहारी

भावनेचं सगळं बरोबर आहे, पण आधी कागद करा. भारतीय कॉपीराइट कायदा 1957, कलम 57. चित्राखाली तुमचं नाव येण्याचा आणि तुमच्या प्रतिष्ठेला धक्का लागेल अशी मोडतोड थांबवण्याचा हक्क तुमच्याकडे राहतो, हक्क विकलेत तरी. कलम 19 प्रमाणे हक्क द्यायचे तर लेखीच. मुदत लिहिली नाही तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर भारत धरतात. परदेशी महोत्सवाला बोलावणं आलं की लोक याच ओळीवर भांडतात.

आणखी दोन ओळी करारात घाला. प्रयोग थांबले की बाहुल्या कोणाकडे जातील? आणि फाटल्यावर नवा छाप कोण काढून देईल, कोणाच्या खर्चाने?

पडद्यामागचा

व्यवहारी, हे मी वीस वर्षांपूर्वी वाचायला हवं होतं. एका चित्रकार मित्राशी माझं बोलणं पाच वर्षं बंद होतं, ते केवळ बाहुल्या कोणाच्या घरी राहतील यावरून. आता बोलतो. बाहुल्या मात्र वाळवीने खाल्ल्या.

कुडाळचा बापू

आमच्या पिंगुळीचं नाव अजून कोणी घेतलं नाही म्हणून लिहितो. कुडाळपासून जवळच. तिथल्या ठाकर समाजात कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या छायाबाहुल्या आणि चित्रकथी ही तिन्ही एकाच घरात सापडतात. परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांनी घरच्या गोठ्यात संग्रहालय केलंय. ज्याने जाऊन पाहिलं नसेल त्याने जावं.

चित्रकथीची पोथी म्हणजे सुटी चित्रं, दोन-दोन पाठीला पाठ लावून चिकटवलेली. सांगणारा गातो आणि एकेक चित्र पुढे करतो. तिथे चित्रकार कोण आणि खेळवणारा कोण, असा प्रश्नच येत नाही. घरातच सगळं. तुम्ही ज्याला सहकार्य म्हणता ते तिथे रक्तात आहे.

रेवाकाठ

बापू, पिंगुळीबद्दल आदर आहे, पण एका घरात आहे म्हणून सोपं असतं असं नाही. घरातही कोणीतरी रंगवतं आणि कोणीतरी गातं, आणि बाहेर नाव एकाचंच होतं. आपण हे फार गोड करून सांगू नये.

कुडाळचा बापू

रेवाकाठभाऊ, मुद्दा घेतला. गोड करून सांगायचा हेतू नव्हता. माझं म्हणणं इतकंच की तिथे चित्र काढणाऱ्याला माहीत असतं की हे चित्र हातात धरलं जाणार आहे, कोणाच्या तरी आवाजाबरोबर. त्यामुळे चित्र तसंच काढलं जातं. डोळे मोठे, हात स्पष्ट, मागे गर्दी नाही. ताईंच्या बाईला हे आधी माहीत नव्हतं, म्हणून ती घाबरलीय.

आणि छायाबाहुलीचं एक सांगतो. चामड्याला भोकं पाडतात ती नक्षी नसते. तिथून उजेड येतो. जे काढून टाकलं ते पडद्यावर दिसतं.

शाईचे हात

बापू!! लिनोमध्ये हेच तर करतो आम्ही. जे कोरून काढलं ते पांढरं राहतं. एवढी वर्षं कोरतेय आणि छायाबाहुली माझी सख्खी बहीण आहे हे आज कळतंय.

गुळाचा खडा

विषयाला सोडून, पण लहानपणी मला लिज्जत पापडाच्या जाहिरातीतला ससा खरा वाटायचा. रामदास पाध्यांची बाहुली आहे हे कळलं त्या दिवशी मी जेवले नव्हते.

वाकडी वाट

गुळाचा खडा, मी अर्धवटरावांना पत्र लिहिलं होतं. चौथीत.

थेम्सकाठी

कापण्याच्या भीतीबद्दल राहिलं होतं ते लिहिते. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात कागदी खेळनाट्याची मोठी टूम होती. लंडनमध्ये गाजत असलेल्या नाटकातली पात्रं आणि देखावे प्लेटवर कोरून पत्रकं छापायची. साधं पत्रक एका पेनीला, हाताने रंगवलेलं दोन पेनीला. मुलं ती घरी नेऊन पुठ्ठ्यावर चिकटवायची, कात्रीने कापायची आणि तारेवर बसवून टेबलावर आख्खं नाटक करायची. हॉक्स्टनमधलं पोलॉकचं दुकान यासाठी प्रसिद्ध होतं, त्या नावाचं दुकान आज कॉव्हेंट गार्डनमध्ये आहे.

ही सगळी छापचित्रंच होती, आणि कापली जाण्यासाठीच जन्माला आली होती. ज्यांनी कापली नाहीत त्यांची आज संग्रहालयात आहेत. ज्यांनी कापली त्यांनी नाटक केलं.

अबोली

हे वाचून माझं मत थोडं हललं. मी छापाकडे फक्त जपायची वस्तू म्हणून पाहत होते. अनेक प्रती निघतात हाच तर त्याचा मूळ धर्म. रंगवलेलं एकच चित्र असतं तर कापायला खरंच जीव धजला नसता. छाप कापला तर ब्लॉक आहेच.

पण मग ताई, तुमची 25 ची मर्यादा आणि बाद केलेला ब्लॉक? ब्लॉक बाद केला असेल तर फाटलेली बाहुली दुरुस्त कशी होणार?

रेवाकाठ

उत्तर सोपं आहे. जुन्या ब्लॉकला हात लावू नका. घेणाऱ्यांना दिलेला शब्द मोडायचा नाही. नाटकासाठी नवे ब्लॉक कोरा, त्यांची एडिशनच, म्हणजे क्रमांक घातलेला मर्यादित संच, नको, सहीही नको. मागच्या बाजूला नाटकाचं नाव आणि कितवी प्रत ते पेन्सिलीने लिहा. म्हणजे दहा वर्षांनी कोणी बाजारात आणली तरी गोंधळ नाही.

आणि एक युक्ती. चपटी बाहुली उजवीकडे जाते तेव्हा तिचं एक अंग दिसतं, डावीकडे वळली की दुसरं. दोन्ही अंगं तंतोतंत उलटसुलट हवीत. छाप ओला असतानाच त्यावर दुसरा कागद ठेवून प्रेसमधून काढला की काउंटरप्रूफ मिळतो, नेमका आरशातला. फिका येतो, पण रेघेला रेघ जुळते.

पडद्यामागचा

काय बोललात! आम्ही दुसरी बाजू ट्रेस करून रंगवत बसतो आणि दर वेळी नाक वेगळंच येतं.

कुणीतरी वाचक

फक्त वाचते, लिहीत नाही. आज लिहावंसं वाटलं. 2018 च्या कोचीच्या बिएनाले या कलामहोत्सवात केंट्रिजची ती मिरवणूक पाहिली होती, आठ पडदे ओळीने आणि त्यावरून चालत जाणारी माणसं, ब्रासबँड वाजतोय, कोणी सलाईनचे स्टँड ओढत चाललंय. बाहुली एकही नव्हती असं म्हणता येईल, तरी सगळी बाहुल्यांसारखी चालत होती. माझे वडील तेव्हा नुकतेच गेले होते. मी तिथे तीन वेळा पूर्ण मिरवणूक जाऊ दिली. ताई, तुम्ही करा हे नाटक. चालत जाणाऱ्या माणसांना कोणीतरी चालवायला हवं.

शाईचे हात

कुणीतरी वाचक, मनापासून आभार. अजून लिहीत जा.

पाच आठवड्यांनी परत आलेय, सगळं सांगायचंय.

करार झाला. व्यवहारींच्या चारही गोष्टी त्यात आहेत. बाहुल्या गटाकडे, ब्लॉक माझ्याकडे, आणि वर्षाला ठरावीक दुरुस्तीचे छाप मी काढून द्यायचे, कागद-कापडाचा खर्च त्यांचा. जुन्या 25 च्या संचाला हात लावला नाही.

नवे ब्लॉक कोरले. पडद्यामागचे, तुमचं ऐकून शाईत मॅग्नेशियम कार्बोनेटची पूड मिसळली, चमक पुष्कळ उतरली. पहिला प्रयोग मांजरपाटावर केला, तर कापडाच्या विणीत बारीक रेघा भरून गेल्या. मग धुऊन खळ काढली, पाणी शिंपडून दमट ठेवलं आणि पुन्हा छापलं. चांगला आला. वाळायला मात्र सहा दिवस लागले, पावसाळी हवा होती.

रेवाकाठ, काउंटरप्रूफने तर नाटकच बदललं. फिका छाप पाहून मी दिलगिरीने म्हणाले की यावर परत शाई चढवते. ती मुलगी म्हणाली, थांबा ताई. तिने काळी बाजू पुढे करून बाईला उजवीकडे नेलं, कारखान्याकडे. मग वळवून फिकी बाजू पुढे केली आणि डावीकडे आणलं, गावाकडे. सहा महिन्यांची ऊसतोड दोन पावलांत झाली. खोलीत कोणी बोललं नाही. एकही शब्द न लिहिता तो प्रवेश तयार झाला, आणि तो ना मला सुचला असता ना एकट्या त्यांना.

अबोली, तुम्ही विचारलं होतं की छापायचं तरी कशाला, रंगवून द्या. हा फिकेपणा रंगवून आला नसता हो. तो दाबातून आलाय.

अबोली

ताई, आता काही म्हणणं नाही. प्रयोगाला येणार आहे, पहिल्या रांगेत. शाईही पाहायचीय आणि श्वासही.

पडद्यामागचा

तो हात कापला का शेवटी?

शाईचे हात

कापला. मीच कापला, त्यांनी कात्री माझ्या हातात दिली. खांद्याला पितळी पिन बसवली आणि मुलीने कोयता उचलला. आणि मला तळावरची ती पहाट आठवली, थंडीत पहिला घाव घालण्याआधी ती बाई क्षणभर थांबायची. मी तिला कायम घाव घालतानाच काढलं होतं. थांबलेली कधी काढलीच नव्हती. मी ते मुलीला सांगितलं. आता बाहुली थांबते.

अजून एक अडचण आलीय. शेवटच्या प्रवेशात बाई प्रेक्षकांकडे पाठ करून घरात जाते. काळी आणि फिकी अशी दोन अंगं आहेत, पाठ नाही. जुनी रेखाटनवही काढून बसले तर सगळ्या पानांवर तिचे चेहरे आणि हात. पाठीचं एकच रेखाटन सापडलं, कोपऱ्यात, अर्धवट, मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीकडे जाताना. त्यावरून ब्लॉक कोरायला घेतलाय. लुगड्याच्या निऱ्या पाठीवरून कशा जातात ते नीट आठवत नाहीये.

कुडाळचा बापू

ताई, कासोटा आहे की गोल नेसलीय? त्यावर ठरेल.

शाईचे हात

कासोटा, बापू. आणि वरून जुना पुरुषी शर्ट, बाह्या पूर्ण. पाचट लागू नये म्हणून.

कुडाळचा बापू

मग पाठीवर निऱ्या दिसायच्याच नाहीत. शर्ट कोरा.